पेपर कोअरचं स्पायरल मशीन कसं चालतं? पट्टी, कोन, डिंक, ओल यांची सविस्तर माहिती हवी

मारेगाव_शिवार
राजेहो, मल्चिंग फिल्मच्या रोलमध्ये पुठ्ठ्याची जी नळी (कोअर) असते ती बनवायच्या स्पायरल मशीनबद्दल विचारायचं आहे. जागा मारेगाव तालुक्यात, थ्री फेज लाइन आहे. नळीचं माप असं: आतला व्यास ७६ मिमी, भिंत ४ मिमी, लांबी १२०० मिमी. मशीन विकणारे "मिनिटाला १५ मीटर" यापलीकडे काही बोलत नाहीत. आत नेमकं काय घडतं, कागद कोणता, डिंक कोणता, अन् माल कशानं बिघडतो हे जाणकारांनी सांगावं. आणखी एक. याच मशीनवर सूतगिरणीचे कोन (सूत गुंडाळायचे कागदी शंकू) निघतील का?

मँड्रेल
क्रमानं सांगतो. पुढे गोंधळ नको म्हणून आधी दोन शब्द पक्के करू. पट्टी म्हणजे कागदाची, पट्टा म्हणजे मशीनचा रबरी बेल्ट.

स्पायरल मशीनमध्ये मँड्रेल फिरत नाही. मँड्रेल म्हणजे हार्ड क्रोम केलेला गुळगुळीत पोलादी दांडा, एका टोकाला घट्ट बसवलेला, दुसरं टोक मोकळं. कागदाच्या पट्ट्या त्याच्यावर तिरप्या येतात. दोन उभ्या ड्रमवर ताणलेला पट्टा नळीभोवती एक वेढा घेऊन पुढे जातो. हाच पट्टा नळी फिरवतो, थर एकमेकांवर दाबतो आणि नळीला पुढे ढकलतो. तीन कामं एकटा पट्टा करतो, म्हणून मशीन पाहायला गेलात तर रंग नंतर बघा, आधी पट्टा आणि ड्रमच्या बेअरिंग तपासा. दोन्ही ड्रम ज्या तबकडीवर बसवलेले असतात ती फिरवली की पट्ट्याचा कोन बदलतो.

पट्टीचा प्रवास असा. रील स्टँडवर प्रत्येक थराची वेगळी चकती, म्हणजे गुंडाळलेली पट्टी. प्रत्येक चकतीला ब्रेक, जुन्या मशीनवर चामड्याची वादी आणि लोंबतं वजन. तिथून पट्टी डिंकाच्या टाकीत किंवा गम रोलरवर, मग जास्तीचा डिंक खरवडणारं पातं, मग गाइड, मग मँड्रेल.

सगळ्यात आतल्या पट्टीला मँड्रेलकडच्या बाजूनं डिंक अजिबात लागता कामा नये. उलट त्या बाजूला पॅराफिन मेणाची वडी घासत ठेवतात, म्हणजे नळी दांड्यावर सरकते. सगळ्यात बाहेरच्या पट्टीला फक्त आतून डिंक. बाहेरून लागला तर तो थेट पट्ट्यावर जातो आणि दिवसभराची कटकट सुरू होते.

मँड्रेलच्या मोकळ्या टोकापलीकडे कटर. नळी थांबत नाही, म्हणून कटरची गाडी कापताना नळीबरोबर पुढे सरकते, काप पूर्ण झाला की मागे येते. साध्या मशीनवर नळीचं टोक स्टॉपरला लागलं की गाडी सुटते. सुधारित मशीनवर लांबी मोजणारा एन्कोडर आणि त्यावरून गाडी हलवणारी सर्व्हो मोटार असते. स्टॉपरच्या मशीनवर लांबीत एक-दोन मिमीचा फरक येतो, तो गृहीत धरूनच गिऱ्हाइकाशी बोला, नाहीतर नळी वाळल्यावर रीकटरवर पुन्हा कापा.

स्लिटरवाला
वरचं सगळं बरोबर. पण माल जो बिघडतो त्यातला बराचसा मशीनवर बिघडतच नाही. पट्टीची रुंदी चुकीची मागवली जाते तिथेच तो बिघडलेला असतो. तुमच्याच मापावर हिशोब मांडतो.

कागद ४०० जीएसएमचा (चौ. मीटरला ४०० ग्रॅम) क्राफ्ट कोअर बोर्ड धरा. त्याची जाडी साधारण ०.५७ मिमी. ४ मिमी भिंतीला ७ थर.

पट्टी नळीवर सांधा न सोडता आणि एकमेकांवर न चढता बसायची असेल तर हे जुळावं लागतं:
पट्टीची रुंदी = ३.१४१६ × थराचा व्यास × कोनाची कोसाइन (कोन म्हणजे पट्टी आणि मँड्रेल यांच्यातला).

पहिल्या थराचा मध्यव्यास ७६.५७ मिमी, घेर २४०.५ मिमी. पट्टी १२० मिमीची घेतली तर १२० भागिले २४०.५ म्हणजे ०.४९९, कोन साधारण ६० अंश. एका फेऱ्यात नळी १३८.५ मिमी पुढे जाते. मिनिटाला १५ मीटर म्हणजे नळीचे १०८ फेरे.

आता खरी गोम. सातही थर एकमेकांना चिकटून एकाच वेगानं पुढे जातात, म्हणजे फेऱ्यामागची चाल सगळ्यांना १३८.५ मिमीच. पण सातव्या थराचा व्यास ८३.४ झालेला असतो. चाल तीच आणि घेर मोठा, म्हणून बाहेरच्या थराचा कोन आपोआप ६२ अंशांच्या आसपास जातो आणि त्याला १२२.४ मिमी रुंदी लागते. सातही पट्ट्या सरसकट १२० च्या मागवल्या तर बाहेरच्या थरांत सव्वादोन-अडीच मिमीची उघडी फट राहते. सातही १२२ च्या मागवल्या तर आतल्या थराची कड कडेवर चढते आणि नळीच्या पोटात वरवंटा फिरल्यासारखा सर्पिल उंचवटा उमटतो.

स्लिटरला (मोठ्या रीलमधून पट्ट्या कापून देणाऱ्याला) माप असं द्या: १२०, १२०.५, १२१, १२१.५, १२१.५, १२२, १२२.५. चकतीवर खडूनं थराचा नंबर लिहायला लावा. नुसतं बघून १२१ आणि १२२ कळत नाही.

मधल्या थरांना अर्धा मिमी कमी चालतं, बारीक फट भरून निघते. फिल्मच्या कोअरला बाहेरच्या थरात ओव्हरलॅप मात्र नको. त्या कडेचा वळ फिल्मच्या पहिल्या कित्येक वेढ्यांवर उठतो आणि फिल्मवाला तेवढी फिल्म भंगारात काढतो.

नेर_परसोपंत
स्लिटरवाले दादा, एका मशीनवर कोनाचं स्केल ३० दाखवते, दुसऱ्यावर ६०. माल दोन्हीवर सारखाच निघतो. हे कसं?

स्लिटरवाला
काही मशीनचं स्केल मँड्रेलपासून मोजतं, काही मँड्रेलला काटकोनात असलेल्या रेषेपासून. दोन्हींची बेरीज ९०. दुसऱ्या प्रकारात कोसाइनऐवजी साइन घ्या. मशीन विकत घेताना शून्य कुठे आहे हे विचारून तबकडीवर पंच मारून ठेवावं.

पट्टाघसर
भाऊ, नळी जागच्या जागी फिरते, पुढं सरकत नाई. पट्टा ताणला तं मँड्रेल तापते अन् जळका वास येते. काहून?

मँड्रेल
ताण वाढवणं हा शेवटचा उपाय, आणि तो पहिल्यांदा केला जातो.

आधी मशीन बंद करून पट्ट्याची आतली बाजू हातानं चाचपा. चकाकी किंवा खवले लागले तर डिंक बसलाय. ओल्या फडक्यानं पुसा, वाळलेला असेल तर कोमट पाण्यानं भिजवून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. लोखंडी पातं लावलं की पट्ट्याचा पृष्ठभाग सोलतो. मग बाहेरच्या पट्टीचं खरवडणीचं पातं बघा, डिंक तिथूनच वर आलेला असतो.

दुसरं, मेण. वडी संपलेली असते किंवा पट्टीला टेकतच नाही. कोरडा कागद क्रोमवर घासला की दांडा तापतो, तापला की कागद जास्त आवळतो, आणि हे वाढतच जातं. नळीच्या पोटात काळपट रेघ दिसली तर हेच कारण समजा. मँड्रेलवर ओरखडा असेल तर रेघ कायम एकाच जागी येते. तो बारीक पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं घासायचा, आडवा कधीच नाही.

तिसरं, पट्ट्याचा कोन आणि पट्टीचा कोन यांत फरक. पट्टा नळीला एका चालीनं ढकलतो, पट्टी दुसऱ्या चालीनं येते. नळी एकदा धावते, एकदा अडते. असं असेल तर सांधे आळीपाळीनं उघडे आणि चढलेले दिसतात.

हे तिन्ही ठीक असूनही घसरत असेल, तरच ताण वाढवा, आणि दोन्ही ड्रम सारखेच उभे आहेत ना ते ओळंब्यानं बघा.

आणि कळकळीनं सांगतो, चालू मशीनवर पट्टा पुसायला हात घालू नका. पट्टा नळीवर चढतो त्या फटीत बोट गेलं की परत येत नाही. आपत्कालीन बटण ऑपरेटरच्या डाव्या हाताच्या टप्प्यात हवं.

डिंकाचा_हिशोब
डिंकाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

वापरात मुख्यतः दोन: पीव्हीए, म्हणजे पांढरा डिंक, आणि सोडियम सिलिकेट. सिलिकेट स्वस्त, नळी कडक होते. पण ते अल्कली आहे. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवत राहायचं आणि दवाखाना गाठायचा, चष्मा सक्तीचा. वाळल्यावर काचेसारखं होतं, कटरचं पातं फार लवकर बोथट करतं, आणि पावसाळ्यात ओल धरतं. सुताच्या किंवा ॲल्युमिनियम फॉइलच्या नळीला ते टाळावं. फिल्मच्या कोअरला चालतं, तरी सुरुवात पीव्हीएवर करा. चूक झाली तर धुता येतं.

किती लागतो? तुमच्या नळीचा एक मीटर घ्या. सरासरी घेर ०.२५१ मीटर, ७ थर, म्हणजे १.७६ चौ. मी. कागद, ४०० जीएसएमनं ७०४ ग्रॅम. थरांमधल्या डिंकाच्या रेषा ६, म्हणजे १.५ चौ. मी. चौ. मीटरला ४५ ग्रॅम ओला डिंक धरला तर ६८ ग्रॅम. पीव्हीएमध्ये घन भाग ३५ टक्के असेल तर त्यातलं ४४ ग्रॅम निव्वळ पाणी आहे. कागदात आधीच ७ टक्के ओल असते, त्यात हे सहा-सव्वासहा टक्के जातं. मशीनवरून उतरलेली नळी म्हणून एकूण वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास ओली असते, आणि हाताला ती कोरडीच लागते! इथेच फसगत होते. फिल्मवाल्याला ७ ते ९ टक्के हवी असते.

चिकटलं की नाही हे बघायची रीत: दुसऱ्या दिवशी नळीची २५ मिमी रुंद चकती कापा, उभी चीर द्या आणि नखानं थर सोला. कागदाचे तंतू फाटून दोन्ही बाजूंना केसाळ दिसले तर डिंक धरला. थर सुळकन सुटला आणि आत चकचकीत कोरडी साय दिसली तर पट्टी मँड्रेलवर पोचायच्या आधीच डिंक सुकला होता. डिंक ओला, चिकट आणि कागद न भिजलेला दिसला तर कागदात सायझिंग जास्त आहे, तो डिंक पीतच नाही. तिथे डिंक वाढवून उपयोग नाही, कागद बदला.

एप्रिल-मे मध्ये पहिला दोष नेहमीचा. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी, टाकीतलं पाणी तासाभरात उडून डिंक दाट होतो. टाकीला झाकण, एका वेळी थोडाच डिंक ओतायचा, आणि दर दोन तासांनी फ्लो कप (बुडाला भोक असलेला कप) भरून तो रिकामा व्हायला लागणारे सेकंद मोजायचे. सकाळी चांगला माल निघत असताना जे सेकंद आले तेच भिंतीवर लिहून ठेवा. पाणी बोटाच्या अंदाजानं घालू नका. टाकी आणि मँड्रेल यांच्यामध्ये पंख्याचा झोत येत नाही ना तेही बघा. कामगाराला गार वाटावं म्हणून लावलेला पंखा डिंक सुकवतो.

मारेगाव_शिवार
ताई, वाळवायला वेगळी खोली लागते का? उन्हाळ्यात अंगणात उन्हात चालणार नाही का?

डिंकाचा_हिशोब
उन्हात अजिबात नाही. भिवापूरकडे मिरची पसरतात तशी नळी पसरली की उन्हाकडची बाजू आधी आखडते आणि नळी केळ्यासारखी वाकते. एकदा वाकलेली सरळ होत नाही, आणि रोल वाइंडरवर ती थरथरते.

सावलीत, उभी, एकमेकींत दोन बोटं अंतर ठेवून. उभी ठेवली की पोटातून हवा वर चढते. आडवी थप्पी लावली तर मधल्या नळ्या आठवडाभर ओल्याच राहतात. आपल्या उन्हाळ्यात ४ मिमी भिंत एक-दोन दिवसांत उतरते, आषाढ-श्रावणात चार-पाच दिवस धरा. घाई असेल तर ५०-६० अंशांची गरम खोली आणि ओलसर हवा बाहेर टाकणारा पंखा. पंखा नसेल तर ती खोली म्हणजे फक्त वाफारा. सुरुवातीलाच फार तापवू नका, बाहेरचा थर आधी आखडून सांधा उकलतो.

मोजायचं असं: नळीचा १०० ग्रॅमचा तुकडा, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, १०५ अंशांची ओव्हन. वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. १०० चे ९२ झाले तर ओल ८ टक्के.

वाळताना आतला व्यासही कमी होतो. म्हणून ७६ च्या नळीला मँड्रेल तीन-चार दशांश मिमी मोठा घेतात. ताज्या नळीत व्यास तपासायचं गेज बसलं म्हणून गाडी भरू नका, वाळल्यावर पुन्हा घाला.

सूतकोन
मूळ प्रश्नातला कोन राहिला. स्पायरल मशीनवर सूतगिरणीचा कोन निघत नाही. स्पायरलमध्ये व्यास एकच राहावा लागतो, कोनात तो टोकाकडे कमी होत जातो.

गिरण्यांत चालणारा ५ अंश ५७ मिनिटांचा, १७० मिमी लांब कोन घ्या. ५°५७′ हा अर्धकोन आहे, म्हणजे बुडाचा आणि टोकाचा व्यास यांत साधारण ३५ मिमीचा फरक. त्यासाठी कागदाचा पंख्यासारखा आकार डायनं कापतात, त्याच्या कडा घासून पातळ करतात, डिंक लावून फिरत्या शंकूवर गुंडाळतात, वाळवतात. मग टोक आत वळवून गोल करणं, सूत अडकवायची खाच, पृष्ठभाग खरखरीत करणं, रंगाची खूण. गिरणी काउंटप्रमाणे (सुताच्या बारीकपणाप्रमाणे) रंग ओळखते. ही वेगळी मशीनं, वेगळा धंदा.

गिरणीचं वजनावर फार लक्ष असतं. निर्यातीच्या पोत्यात १.८९ किलोचे २४ कोन, मिळून ४५.३६ किलो सूत. कागदी कोन एक ग्रॅमनं इकडेतिकडे झाला की पोत्यात २४ ग्रॅमचा फरक पडतो, आणि त्या फरकाचे पैसे सुताच्या भावानं मोजले जातात. ओला कोन दिला तर हे हमखास होतं.

सरळ सुती नळ्या मात्र स्पायरलवर निघतात. एचएसएन (जीएसटी बिलावरचा मालाचा कोड) दोन्हींचा ४८२२. सूत गुंडाळायच्या मालाला ४८२२१०, बाकीच्याला ४८२२९०, बिलावर हे नीट लिहा.

नेर_परसोपंत
पॅरलल वाइंडर म्हणून एक असतो तो कोणता?

मँड्रेल
त्यात मँड्रेल फिरतो आणि नळीच्या लांबीएवढा रुंद कागद सरळ गुंडाळला जातो, पोळीची गुंडाळी करतो तसा. सर्पिल सांधा नसतो, जाड भिंत सोपी. पण एका वेळी एकच नळी आणि लांबी कागदाच्या रुंदीपुरती. थोड्या मालाला ठीक, रोजच्या हजारो नळ्यांना नाही.

स्लिटरवाला
मारेगावकर, मशीनच्या किमतीपेक्षा मोठी गोष्ट राहून जातेय. मिनिटाला १५ मीटर, दिवसाचे निव्वळ ६ तास धरले तर ५,४०० मीटर. मीटरला ७०४ ग्रॅम, म्हणजे रोज ३.८ टन कागद. आठवड्याला वीस टनांच्या वर. एवढा कागद ठेवायला कोरडी जागा आणि तेवढे पैसे अडकवायची तयारी आहे का? बँकेकडे जाताना मशीनचं कोटेशन न्याल, पण खेळतं भांडवल मागायला विसराल. पीएमईजीपीत (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात) २०२२ च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. तरी कागदाची रक्कम मोजूनच प्रकल्प लिहा.

आणि वाहतूक. बाहेरचा व्यास ८४ मिमी. एका घनमीटरमध्ये अशी साधारण १४२ मीटर नळी मावते, वजन जेमतेम १०० किलो. तोच कागद रीलमध्ये घनमीटरला ७०० किलो. गाडीत कागद येतो, गाडीतून हवा जाते. म्हणून कागद वापी-मोरबीहून आणणं परवडतं, नळी तिकडे पाठवणं परवडत नाही. बल्लारपूर जवळ आहे म्हणून तिथे चौकशी कराल, पण तो कागद लिहिण्या-छापण्याचा, कोअरला रद्दीपासून बनवलेला क्राफ्ट बोर्ड लागतो. तुमचं गिऱ्हाईक शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं हवं. फिल्मवाले, कापडवाले, सूतगिरण्या यांची यादी करा, प्रत्येकाला महिन्याला किती मीटर, कोणता व्यास लागतो हे लिहून काढा. मँड्रेल त्यावरून ठरवा.

पट्टाघसर
अन् लाइन गेली तं?

मँड्रेल
हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यांनी विचारला पाहिजे.

लाइन गेली की नळी मँड्रेलवर पट्ट्याच्या विळख्यात तशीच राहते. पहिल्या पाच मिनिटांत हे करा. मेन स्विच खाली पाडा, म्हणजे लाइन परतली तरी मशीन आपोआप उठणार नाही. पट्ट्याचा ताण पूर्ण सोडा. डिंक लागलेल्या पट्ट्या टाकीजवळ कात्रीनं तोडा. मँड्रेलवरची नळी दोघांनी धरून पिळत पुढे ओढून काढा. निघत नसेल तर लांबीनं चीर द्या, पण पातं फक्त वरच्या थरांपुरतं, क्रोमला लागता कामा नये. गम रोलर आणि खरवडणीची पाती ओल्या फडक्यानं झाका. सिलिकेट वापरत असाल तर रोलर लगेच धुवा, ते वाळलं की छिन्नीनं काढावं लागतं.

अर्धा तास वाट पाहू, लाइन येईल, असं म्हणून नळी तशीच ठेवली आणि मग मोटार चालू केली, तर पट्टा तुटतो किंवा मँड्रेल मुळाशी हलतो. मँड्रेल अर्धा मिमी जरी हलला तरी कटर तिरपा कापायला लागतो.

विहिरीच्या पंपाला लावतो तसा सिंगल फेज प्रिव्हेंटर इथेही लावा, मुख्य मोटारीला आणि कटरच्या मोटारीला वेगवेगळा. एक फेज गेला तर मुख्य मोटार घरघरते, पट्टा मंदावतो, पण कटर त्याच गतीनं फिरत राहतो. पातं एकाच जागी घासून कागद काळा पडतो आणि भुशाला ठिणगी लागायला तेवढं पुरतं. कटरखालचा भुसा दर पाळीला काढा.

पुन्हा सुरू करताना आधी आतली एकच पट्टी. मँड्रेलवर हातानं दोन वेढे देऊन टोक चिकटपट्टीनं धरा, पट्ट्याखाली घाला, सगळ्यात कमी वेगावर अर्धा मीटर नळी निघू द्या. सांधा बंद दिसला की दुसरी पट्टी, तिचा सांधा पहिल्याच्या सांध्यावर न येता मधोमध. मग तिसरी. सातही लागेपर्यंत निघालेली नळी बाजूला टाका, साधारण चार-पाच मीटर जाते.

मारेगाव_शिवार
मशीन बघायला जाताना सोबत काय न्यावं?

स्लिटरवाला
व्हर्नियर, कोनमापक, ओळंबा, आणि १२० ते १२२.५ रुंदीच्या तुमच्याच सात चकत्या. त्यांच्या कागदावर नाही, तुमच्या कागदावर दोन तास चालवून घ्या. निघालेल्या पन्नास नळ्या घरी आणा, चार दिवस सावलीत उभ्या ठेवा, मग मोजा.

डिंकाचा_हिशोब
आणि त्यातल्या दहा नळ्यांवर टोकाला पेन्सिलनं वजन लिहून ठेवा, उतरल्याबरोबरचं एक आणि चौथ्या दिवसाचं एक.